टेम्पोच्या मीटरमधला लाल दिवा

जुन्या डिझेल टेम्पोच्या मीटरमध्ये चार लाल दिवे महत्त्वाचे. बॅटरीच्या चित्राचा दिवा चार्जिंगचा, तेलाच्या किटलीचा दिवा ऑइल प्रेशरचा, तापमापीच्या चित्राचा दिवा इंजिन तापल्याचा आणि उद्गारचिन्हाचा दिवा ब्रेकचा. काही गाड्यांत जोडीला बझरही असतो. इंजिनाच्या पोटात काय बिनसले आहे, ते आवाज किंवा धूर येण्याआधी कळावे, यासाठी हे दिवे बसवलेले असतात. पण दिवा लागतो तेव्हा कारण दोन ठिकाणी असू शकते. कधी इंजिनातच बिघाड असतो. कधी इंजिन ठणठणीत असते आणि दोष वायर, स्विच किंवा अर्थिंगमध्ये असतो. लाल रंग दोन्ही वेळी सारखाच. कोणता इशारा खरा आणि कोणता वायरीचा, हे ओळखण्याची पद्धत अवघड नाही. एक टेस्ट लॅम्प, साधा मल्टीमीटर आणि थोडा धीर एवढ्यावर चालकालाही बराचसा तपास करता येतो.

पुण्याच्या मार्केट यार्डात हे ज्ञान रोजच्या पोटापाण्याशी बांधलेले आहे. गुलटेकडीच्या या बाजाराकडे रात्रभर गाड्या चालत असतात. पुरंदरचा वाटाणा, अंजीर आणि सीताफळ दिवे घाट उतरून येते, नारायणगावचा टोमॅटो आणि मंचरकडचा बटाटा नाशिक रस्त्याने येतो, साताऱ्याकडचा माल कात्रजचा चढ चढून येतो. पहाटे गाळ्यांवरचा माल लहान टेम्पोंत चढतो आणि उजाडायच्या आत शहरभरच्या मंडयांत, हातगाड्यांवर पोचतो. रविवारी आवक सर्वांत मोठी, त्यामुळे शनिवारच्या सुट्टीत गाडी दुरुस्त झाली नाही तर आठवड्यातला मोठा दिवस बुडतो. भाजी थांबत नाही. मेथीची जुडी दुपारपर्यंत माना टाकते. म्हणूनच लाल दिवा लागला तरी ‘आधी खेप टाकू, मग बघू’ असे म्हणण्याचा मोह इथे फार असतो. चारपैकी एका दिव्याच्या बाबतीत हा मोह काही मिनिटांत इंजिन खाऊन टाकतो. तो कोणता, हे पुढे येईलच.

‘टेम्पो’ हा शब्द मुळात एका जर्मन गाडीचे नाव. १९५८ मध्ये सुरू झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने जर्मन सहकार्याने त्या नावाच्या तीनचाकी मालगाड्या काढल्या आणि पुढे माल वाहणारी कोणतीही लहान गाडी मराठीत टेम्पोच झाली. मॅटाडोर आली, तिचाही टेम्पोच झाला. २००५ मध्ये टाटांची ‘एस’ आली, तिला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटले. गाड्या बदलल्या, पण जुन्या डिझेल गाड्यांच्या इशाऱ्याच्या दिव्यांची मूळ रचना फारशी बदलली नाही. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र वायर, तिच्या टोकाला एक स्विच, आणि परतीचा रस्ता गाडीच्या लोखंडी अंगातून. नव्या गाड्यांत मध्ये संगणक आला. जुन्या गाडीत वायर बोटाने धरून शेवटापर्यंत शोधता येते, हे तिचे मोठे सुख.

तपासाची सुरुवात दिवा लागण्याआधीच होते. किल्ली फिरवावी, पण सेल्फ मारू नये. या स्थितीत चार्जिंगचा आणि ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे. हँडब्रेक ओढलेला असेल तर ब्रेकचाही लागतो. इंजिन सुरू झाले की दोन-तीन सेकंदांत चार्जिंग आणि ऑइल दोन्ही विझले पाहिजेत. किल्ली फिरवल्यावर जो दिवा लागतच नाही, तो गाडी चालताना विझलेला दिसला म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. त्याचा बल्ब गेलेला असेल, वायर तुटलेली असेल, किंवा ‘सारखा लागतो’ म्हणून कुणीतरी बल्बच काढून ठेवलेला असेल. जुना टेम्पो विकत घेताना चेसिसला ठोकून पाहणारे बरेच असतात. किल्लीच्या पहिल्या टप्प्यावर कोणते दिवे लागतात हे पाहणारे थोडे. वास्तविक त्या दोन सेकंदांत गाडीचा आधीचा मालक कसा होता तेही कळते.

चार्जिंगचा दिवा सर्वांत जास्त सतावतो आणि सर्वांत जास्त सांगतो. त्याची रचना बाकीच्यांपेक्षा वेगळी आहे. या बल्बचे एक टोक किल्लीतून बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे टोक अल्टरनेटरच्या एका बारीक टर्मिनलला जोडलेले असते. गॅरेजमध्ये अल्टरनेटरलाही बरेच जण सवयीने डायनामोच म्हणतात. इंजिन बंद असताना बॅटरीचा करंट बल्बमधून अल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या चुंबकाच्या गुंडाळीत जातो, तिथून अर्थला. म्हणून बल्ब लागतो. त्याच करंटने गुंडाळीत पहिले चुंबकत्व येते. इंजिन फिरू लागले की अल्टरनेटर स्वतःची वीज करतो आणि त्या बारीक टर्मिनलवरही बॅटरीइतकाच व्होल्टेज येतो. बल्बच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब, मग करंट वाहणार कुठून? बल्ब विझतो. म्हणजे हा दिवा एक तराजू आहे. एका पारड्यात बॅटरी, दुसऱ्यात अल्टरनेटर. दोन्ही समान असली की अंधार, फरक पडला की उजेड.

हे एकदा समजले की पुष्कळ कोडी आपोआप सुटतात. बल्ब उडाला तर पहिले चुंबकत्व देणारा करंटच बंद होतो. मग अनेक गाड्यांत इंजिन हळू फिरत असताना चार्जिंग सुरूच होत नाही. जोरात रेस केल्यावर, चुंबकाच्या उरल्यासुरल्या ताकदीवर, ते कधी सुरू होते, कधी नाही. मीटर चमकदार दिसावा म्हणून या जागी एलईडी बसवला तरी तेच होते, कारण एलईडीतून जाणारा करंट फारच तोकडा. दोन-तीन वॅटचा साधा बल्ब इथे नुसता सांगकाम्या नसतो, चार्जिंगच्या यंत्रणेत त्याचा वाटा असतो. तो नीट लागतो की नाही हे पाहण्याला म्हणून महत्त्व.

आता दिवा इंजिन चालू असताना लख्ख लागला तर पहिली नजर पट्ट्यावर. पट्टा तुटला असेल तर गाडी तिथेच थांबवावी, कारण अनेक जुन्या इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. चार्जिंग गेले तर बॅटरीवर थोडे अंतर कापता येते. पाणी फिरायचे थांबले तर इंजिन काही मिनिटांत तापते. पट्टा शाबूत असेल तर दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबून पाहावा. साधारण दहा ते पंधरा मिलिमीटर दबला तर ताण ठीक. त्याहून जास्त दबत असेल, सुरू करताना किंवा हेडलाइट लावल्यावर किंचाळत असेल, आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत झाली असेल, तर तो घसरतो आहे. भाजी भरताना गळणारे पाणी आणि कोथिंबिरीचा पाला पट्ट्यापर्यंत पोचला तर चांगला पट्टाही काही वेळ घसरतो.

पट्टा ठीक असेल तर मल्टीमीटर काढावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. इंजिन सुरू करून जरा रेस केल्यावर हाच आकडा १३.८ ते १४.४ पर्यंत चढला पाहिजे. चढलाच नाही तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर, ज्याला कटआउटही म्हणतात, बिघडला आहे. तेव्हा बॅटरी उकळते, पाणी आटते आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा वास आला की बॅटरीजवळ विडी-काडी पेटवू नये. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन भडकतो.

चार्जिंग होत नाही असे दिसले की अल्टरनेटरचा बारीक वायरचा कनेक्टर काढून किल्ली फिरवावी. दिवा विझला तर दोष अल्टरनेटरच्या बाजूला. कनेक्टर काढूनही दिवा लागलेलाच राहिला तर अल्टरनेटर निर्दोष सुटला. मीटरपासून खाली येणारी ती वायर कुठेतरी सोलून लोखंडाला टेकली आहे. एवढ्या एका तपासणीने विनाकारण उघडले जाणारे कितीतरी अल्टरनेटर वाचतील. किल्ली काढल्यावरही दिवा मंद जळत राहिला तर आतला डायोड शॉर्ट झाला आहे, आणि ती गाडी रात्रीतून बॅटरी रिकामी करणार. किल्ली फिरवल्यावर दिवा लागतच नसेल, पण कनेक्टर काढून ते टोक इंजिनाला टेकवल्यावर लागत असेल, तर बल्ब आणि वायर चांगले आहेत. बहुधा फिरत्या गुंडाळीला वीज देणारे आतले कार्बन झिजले आहेत. कार्बन ही तुलनेने स्वस्त वस्तू. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत आपल्या अल्टरनेटरच्या मापाचा जोड मागितला की काम भागते.

सर्वांत फसवा असतो मिणमिणता दिवा. समजा, पहाटे चारला मेथी आणि पालक भरलेला टेम्पो कोथरूडकडे निघाला आहे. इंजिन चालू, दिवा विझलेला. हेडलाइट लावले की अंधारात बॅटरीचे चित्र पुसट तांबडे दिसते. हेडलाइट बंद केले की नाहीसे होते. चालकाला वाटते, डायनामो कमजोर झाला. बॅटरीवर मल्टीमीटर लावला तर १३.१ व्होल्ट. मग काळी पिन तिथेच ठेवून तांबडी पिन थेट अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलवर लावली तर १४.२. म्हणजे अल्टरनेटर आपले काम चोख करतो आहे, पण एक व्होल्टहून जास्त वाटेतच हरवतो आहे. जाड वायर हाताने चाचपत गेल्यावर सापडते तिच्या टोकाचे थिंबल, म्हणजे नटाखाली बसणारी कडी, हिरवट पांढऱ्या चुऱ्याने भरलेले आणि चटका बसेल इतके गरम. जिथे वीज अडते तिथे उष्णता होते, हे बोटाला मल्टीमीटरच्या आधी कळते. बॅटरीचे निगेटिव्ह काढून थिंबल घासायचे, नट आवळायचा, वर ग्रीसचा हात. पुन्हा मोजल्यावर बॅटरीवर १४.१, आणि हेडलाइट लावूनही मीटर काळाभोर. खर्च पॉलिश पेपरच्या एका तुकड्याचा. जाड वायरीत चालू स्थितीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली तर जोड खराब आहे असे समजावे; अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टही पुष्कळ झाले.

या दिव्याबाबत एक घातक सवय मोडायला हवी. अल्टरनेटर चालतो का ते पाहायला चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल उचकटून काढायचे, इंजिन बंद पडले नाही तर डायनामो चांगला, अशी ‘टेस्ट’ अजूनही केली जाते. बॅटरी अल्टरनेटरला उशीसारखी असते. ती अचानक काढली की व्होल्टेज उसळतो आणि चांगले डायोड, चांगला रेग्युलेटर क्षणात जळू शकतो. शिवाय साध्या डिझेल इंजिनाला चालू राहायला फारशी वीज लागतही नाही, त्यामुळे ते बंद पडले नाही याने काहीच सिद्ध होत नाही.

खेप टाकण्याचा मोह ज्या दिव्यापुढे पूर्ण आवरायचा तो हा पुढचा, ऑइल प्रेशरचा. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग एकमेकांना टेकत नाहीत. मध्ये दाबाने ढकललेल्या तेलाचा पातळ थर असतो. दाब गेला की थर गेला, आणि धातू धातूवर घासू लागला. इंजिनाच्या अंगावर बसवलेल्या बोटभर स्विचमध्ये एक पडदा आणि स्प्रिंग असते. तेलाचा दाब साधारण ०.३ ते ०.६ बारच्या खाली गेला की स्प्रिंग पडद्याला मागे ढकलते, आतला संपर्क जुळतो, वायर इंजिनातून अर्थ होते आणि दिवा लागतो. चालत्या निरोगी इंजिनात दाब याच्या कितीतरी पट असतो. म्हणजे हा दिवा ‘दाब जरा कमी झाला’ असे सांगत नाही, तो ‘दाब जवळपास संपला’ असे सांगतो. चालत्या गाडीत तो लागला की गाडी बाजूला, इंजिन बंद. खोटा इशारा निघाला तर दहा मिनिटे जातील. खरा निघाला आणि गाडी हाकली तर इंजिन खोलावे लागेल.

इंजिन बंद करून पाच मिनिटे थांबावे, गाडी सपाटीवर असावी, मग गेजपट्टी पुसून तेल पाहावे. तेल खालच्या खुणेच्या खाली असेल तर इशारा खरा. गळती शोधायची, तेल भरायचे. तेल बरोबर असेल तरच वायरीकडे वळायचे. हा क्रम उलटा करू नये. ऑइल स्विचची एकुलती वायर काढावी आणि किल्ली फिरवावी. दिवा विझला तर वायर चांगली, स्विच किंवा दाब यांत दोष. विझला नाही तर वायर कुठेतरी लोखंडाला लागली आहे. स्विचच्या टोकाशी तेलाचा ओघळ दिसत असेल तर आतला पडदा फाटला आहे, तो स्विच बदलावाच. नवा स्विच लावूनही दिवा लागत असेल तर अंदाज बांधत बसू नये. स्विचच्या जागी मेकॅनिककडचा प्रेशर गेज लावून खरा दाब मोजणे हा एकच उपाय. इंजिन चांगले तापल्यावर, स्लोवर, तेही सिग्नलला थांबल्यावरच दिवा लुकलुकतो आणि जरा रेस दिली की विझतो, अशी तक्रार जुन्या गाड्यांत नेहमीची. पातळ झालेले किंवा चुकीच्या ग्रेडचे तेल, फार कमी ठेवलेला स्लो, किंवा झिजलेली बेअरिंग ही तिची कारणे. पहिली दोन स्वस्तात सुटतात, म्हणून आधी ती पाहावीत.

तापमानाचा काटा आणि दिवा यांच्यामागे दोन वेगळ्या वस्तू असतात. काट्यामागचा सेन्सर तापला की त्याचा अडथळा कमी होतो, जास्त करंट वाहतो, काटा वर जातो. दिव्यामागे साधा स्विच असतो, ठरावीक तापमानाला तो जुळतो. दोघांची परीक्षा सोपी आहे. सेन्सरची वायर काढली की काटा थंडवर पडला पाहिजे. ते टोक क्षणभर इंजिनाला टेकवले की काटा वर धावला पाहिजे. तसे झाले तर मीटर आणि वायर चांगले, सेन्सर संशयित. वायर काढूनही काटा वरच राहिला तर वायर अर्थ झाली आहे. तापमान, डिझेल असे सगळेच काटे एकदम चुकीचे दाखवू लागले तर सेन्सर बदलत बसू नये. मीटरचा अर्थ किंवा जुन्या मीटरांतला व्होल्टेज स्थिर ठेवणारा छोटा तुकडा बिघडलेला असतो.

काट्याचे एक खोटे मात्र जीवघेणे. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. होज फुटून पाणी गेले तर तो नुसत्या हवेत राहतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली उतरलेला दिसू शकतो. कात्रजच्या चढावर अर्ध्यावर असलेला काटा अचानक थंडकडे गेला तर ती शुभवार्ता समजू नये. गाडी थांबवून खाली पाण्याचा ओघळ पाहावा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, इथे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरचे दाबाचे झाकण हा उत्कलनबिंदू सुमारे वीस अंशांनी वर ढकलते. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि आतले पाणी एका क्षणात वाफ होऊन हातातोंडावर येते. झाकणावर उघडा हात धरवत असेल इतके ते निवाल्यावरच, तेही जाड फडके लावून, आधी अर्धे फिरवून, दाब सोडून, उघडावे.

हीच रचना पाण्यावरही आढळते. कोकणातल्या खाड्यांत फिरणाऱ्या लहान होड्यांच्या मागे जुनी आउटबोर्ड इंजिने असतात. होडी हाकणाऱ्याचे डोळे समोरच्या पाण्यावर, म्हणून तिथे दिव्याऐवजी भोंगा असतो. भोंग्याला किल्लीतून पॉझिटिव्ह मिळते आणि सिलिंडरच्या डोक्यावरचा तापमानाचा स्विच तापला की तो भोंग्याची दुसरी वायर अर्थ करतो. भोंगा वाजला की आधी इंजिनामागून पडणारी, इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची पिचकारी पाहायची. ती बंद असेल तर इशारा खरा. पाणी ओढणारा रबरी पंखा झिजलेला किंवा वाट गाळाने बुजलेली. पिचकारी जोरात पडत असेल तर स्विचची वायर काढून पाहायची, टेम्पोत पाहतात तशीच. भोंगा गप्प झाला तर स्विच बघायचा, वाजतच राहिला तर वायर. फरक इतकाच की तिथे गंजाचे काम खारा वारा करतो.

ब्रेकच्या दिव्याला फार वेळ लागत नाही. हँडब्रेक पूर्ण सोडला आहे का हे पाहावे, मग ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी. पातळी खाली गेली असेल तर एक तर लायनर झिजले आहेत किंवा कुठेतरी गळती आहे. नुसते ऑइल भरून दिवा विझवला तर गळती तशीच राहते, आणि दिवे घाट उतरताना ती कळणे परवडणारे नाही. पातळी ठीक असताना दिवा लागतो तेव्हा बहुतेक वेळा हँडब्रेकखालचा छोटा स्विच चिखलाने अडकलेला असतो.

खोट्या इशाऱ्यांचे मूळ बहुतांशी अर्थिंगमध्ये. प्रत्येक दिव्याच्या करंटला बॅटरीकडे परतायचे असते आणि त्याचा रस्ता इंजिन, चेसिस, बॉडी यांना जोडणाऱ्या विणलेल्या पट्ट्यांतून जातो. चाकांनी उडवलेला चिखल, गाळ्यापुढचे सडलेल्या भाजीचे पाणी, वर्षानुवर्षांचा गंज यांनी ती पट्टी कुरतडली की करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट दुसऱ्या एखाद्या बल्बमधून जाते. मग इंडिकेटर लावला की ऑइलचा दिवा लुकलुकतो, ब्रेक दाबला की पार्किंगचे दिवे पुसट पेटतात, हेडलाइट लावल्यावर तापमानाचा काटा हलतो. एका वस्तूचा परिणाम दुसऱ्या वस्तूवर दिसला की वायरमनने आधी अर्थ पाहावा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनापर्यंत एक जाड वायर तात्पुरती धरायची. सगळे एकदम शहाण्यासारखे वागू लागले तर दोष सापडला. पट्टीखालचा रंग आणि गंज घासून चकचकीत लोखंड उघडे केल्याशिवाय नवी पट्टी बसवून उपयोग नाही.

यार्डातल्या गाड्यांना आणखी एक शत्रू आहे. धान्य, गूळ आणि भाजी जिथे आहे तिथे उंदीर आणि घुशी आहेत. दोन रात्री एका जागी उभ्या राहिलेल्या टेम्पोच्या उबदार इंजिनाजवळ उंदीर येऊन बसतो आणि वायरीचे आवरण कुरतडतो. तांबे उघडे पडून लोखंडाला टेकले तर दिवा कायमचा पेटतो. वायर पार तुटली तर दिवा कधीच पेटत नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण त्याची कुणी तक्रार करत नाही. लेंड्या, चिंध्यांचे घरटे किंवा कुरतडलेल्या प्लास्टिकचा भुगा दिसला की वायरिंगची माळ टेप सोडून पुरती पाहावी. तिसरे कारण माणसाने केलेले असते. गाण्याचा डबा, केबिनमधल्या रंगीत पट्ट्या, देवाच्या फोटोपुढचा लहान दिवा, हे सगळे मीटरच्या मागच्या हाताला येईल त्या वायरीला पिळून जोडलेले असते. टेप उन्हाने सुटते, जोड उघडा पडतो. देवाच्या दिव्यालाही स्वतःचा फ्यूज असावा, आणि त्याची वायर फ्यूजच्या पेटीतून घ्यावी.

फ्यूज वारंवार उडत असेल तर त्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद लावू नये. फ्यूज उडतो म्हणजे वायर वाचते. त्याची वाट बंद केली की जळायची पाळी वायरीवर येते, आणि ती आग केबिनमध्ये, चालकाच्या पायांशी लागते.

कधी लागणारा, कधी विझणारा दिवा शोधायला सर्वांत जास्त वेळ खातो. त्यासाठी इंजिन चालू ठेवून एकेक वायर आणि कनेक्टर हळूच हलवत जायचे. जिथे हात लावल्यावर दिवा बदलतो तिथे दोष. गाडी कालच जोरदार पाण्याने धुतली असेल तर आधी कनेक्टर उघडून वाळवावेत, कारण धुतल्यानंतरच्या सकाळचे बरेच दिवे नुसत्या वाळवण्याने विझतात. दुरुस्ती झाली की काम संपले असे नाही. किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवून चार्जिंग आणि ऑइलचे दिवे पुन्हा लागतात का ते पाहायचे, हँडब्रेक ओढून तिसरा पाहायचा, मग इंजिन सुरू करून सगळे विझतात का ते पाहायचे, हेडलाइट लावून पुन्हा एकदा. दिवा लागतोही आणि विझतोही, हे दोन्ही डोळ्यांनी पाहिल्यावरच गाडी गाळ्यावर माल भरायला लावावी.